रविवार सकाळ आणि सोललेली संत्री

"मॅडम, हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कार्टून पाहून राहिले. अडतीस वर्षांचा माणूस! मला समजूनच नाही राहिलं काय करू ते."

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताईंनी हे सांगून टाकलं. मग पर्समधून मोबाईल काढून एक मेसेज दाखवला. नात्यातल्या कुणीतरी पाठवलेला. 'तुमच्या घरात पीटर पॅन सिंड्रोम तर नाही ना?' मोठी न होणारी माणसं, जबाबदारी टाळणारे नवरे, असं बरंच काही त्यात होतं.

(दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते. कधी बायको घेऊन येते, कधी आई. मुलगा कमावता झाला तरी ॲनिमेशनपट पाहतो, लहानपणीच्या मालिका शोधून काढतो, लहान मुलांच्या सिनेमात डोळे पुसतो. मग घरच्यांना प्रश्न पडतो, याची वाढ कुठे अडकली तर नाही ना?

त्या मेसेजचं आधी सांगते. 'पीटर पॅन सिंड्रोम' हा शब्द डॅन कायली या मानसशास्त्रज्ञाच्या 1983 च्या पुस्तकामुळे लोकांच्या तोंडी बसला. मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये असं कुठलंही निदान नाही. आणि ताईंचा नवरा जबाबदारी टाळणारा मुळीच नव्हता. घराचे हप्ते, आईचं बीपी, पोरीची शाळा, सगळं तोच बघायचा. मी ताईंना विचारलं, "तान्ह्या पोळ्याला तुमच्याकडे काय असतं?" तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पोरांचा लाकडी बैलांचा सण. त्या एकदम खुलल्या. माहेरचा लाकडी बैल आजोबांच्या वेळचा. तो पुसायचा, सजवायचा मान काकांचा, आणि काका साठीचे. पोरं दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात, पण बैलाच्या शिंगांना बेगड लावताना काका कुणाला हात लावू देत नाहीत. "मग काकांना कुणी बालिश म्हणतं का?" यावर त्या गप्प झाल्या.

मला मनापासून वाटतं, आपण इथे फार अन्याय करतो. सत्तरीचे आजोबा रेडिओवरची जुनी गाणी लावून डोळे मिटून बसले की आपण त्यांना रसिक म्हणतो. चाळिशीच्या माणसाने लहानपणीची चित्रमालिका लावली की लगेच 'वय काय याचं?' चित्रांनी गोष्ट सांगणं ही एक कला आहे, ती फक्त पाळण्यातल्यांसाठी जन्माला आलेली नाही.

पण ताईंची काळजी मी उडवून लावली नाही. काय पाहतो यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टी विचारायच्या होत्या. झोप किती होते? पाहून झाल्यावर माणूस कसा असतो, हलका की अजून मिटलेला? कुणी शेजारी येऊन बसलं तर सरकून जागा देतो की मोबाईल बंद करतो? झोप चार तास. सकाळी चिडचिड. आणि ताई खोलीत आल्या की स्क्रीन काळी. ही उत्तरं मला बरी वाटली नाहीत.

पुढच्या खेपेला दादा, म्हणजे ताईंचे यजमान, एकटे आले. अवघडलेले. मी विचारलं, "काय पाहता?" खूप वेळाने म्हणाले, "मोगली." 1989 ची ती जपानी मालिका हिंदीत आणून दूरदर्शनने 1993 मध्ये रविवारी दाखवायला सुरुवात केली. तेव्हा दादा सात वर्षांचे.

"कुठे बसून पाहायचा?"

या एका प्रश्नावर सगळं बाहेर आलं. नागपूरच्या महाल भागातलं दोन खोल्यांचं घर. खाली सतरंजी. बाबा शेजारी पेपर उघडून बसायचे, आपण पाहतच नाही असं दाखवत. मृग बहाराची संत्री आली की पेपरच्या कडेवर सोलायचे. प्रत्येक फोडीचे पांढरे धागे नखाने ओढून काढायचे, बिया वेगळ्या करायच्या आणि फोड न बघताच बाजूला सरकवायचे. तेवढ्यात शेरखान आला की पेपर खाली. किपलिंगने लिहिलेल्या मोगलीच्या मूळ गोष्टी मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या डोंगरात घडतात, हे बाबांना ठाऊक होतं. "अरे, जबलपूरच्या रस्त्याला लागलं की शिवनी. मोगली आपला शेजारी आहे बाप्पा!" हे ते दर रविवारी सांगायचे.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. दादांनी दवाखाना, घाट, तेरवी, सगळं एकट्याने निभावलं आणि चौदाव्या दिवशी ऑफिस गाठलं. रडले नाहीत. त्यानंतर साधारण महिन्याभराने रात्रीचं पाहणं सुरू झालं.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आजाराचं नाव म्हणून घडवला. घरापासून दूर झुरणाऱ्या माणसांसाठी. ग्रीकमधले 'घरी परतणं' आणि 'वेदना' हे दोन शब्द जोडून. आज त्याला कुणी आजार मानत नाही. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या कॉन्स्टँटिन सेडिकिडिस आणि टिम वाइल्डशट यांच्या अभ्यासांतून दिसलं की एकटं किंवा उदास वाटताना माणूस अशा आठवणींकडे वळतो, त्या आठवणींत बहुधा जवळची माणसं असतात, आणि त्यांतून पुन्हा आपलेपण वाटू लागतं. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, स्मरणरंजन आणि गतकातरता. दादांच्या वाट्याला दुसरा आला होता, पहिल्यापर्यंत ते पोचतच नव्हते. कारण ते आठवणीत एकटेच बसत होते, तेही रात्री, चोरून.

ताईंनी काय केलं नव्हतं? "चला फुटाळा तलावावर जाऊ", "मॉलमध्ये जाऊ", "असं तोंड पाडून बसू नका न". मी दोघांना 2015 चा 'इनसाइड आउट' पाहायला सांगितला. आपल्या मनातल्या भावनाच त्यात पात्रं होऊन येतात. भावनांचे अभ्यासक पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर यांचा सल्ला घेऊन तो बनवला आहे. त्यात लहानपणीचा एक काल्पनिक सोबती आपली गाडी हरवल्यावर मटकन खाली बसतो. आनंद त्याला हसवायला धडपडतो, काही उपयोग होत नाही. मग दुःख त्याच्या शेजारी जाऊन बसतं, तुझं आवडतं काहीतरी गेलं ना, एवढंच म्हणतं आणि ऐकून घेतं. तो रडतो आणि उठून चालू लागतो. समुपदेशनाच्या वर्गात मी हे इतक्या थोडक्यात समजावू शकले नसते. तो प्रसंग पाहून ताई म्हणाल्या, "म्हणजे मी हसवून राहिले होते."

दादांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. रात्री अकरानंतर मोबाईल स्वयंपाकघरात. आणि मोगली पाहायचाच, पण रविवारी सकाळी, सतरंजीवर, पोरीला शेजारी घेऊन. झोप पुढेही सुधारली नसती किंवा कामात लक्ष लागेनासं झालं असतं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं मी ठरवून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. पहिल्याच रविवारी पोरीने विचारलं, "आबा कुठे बसायचे?" दादांनी जागा दाखवली आणि तिथेच रडू फुटलं, दोन वर्षांनी. पोरगी घाबरली नाही. ती उठून त्या जागेवर जाऊन बसली.

ताई महिन्याने एकट्याच भेटायला आल्या. त्यांच्या माहेरी तेव्हा टीव्ही नव्हता. शेजारच्या खिडकीला लटकून थोडंथोडं पाहिलेलं, त्यामुळे मोगलीची गोष्ट त्यांना पुरती माहीतच नव्हती. आता त्याही सतरंजीवर बसतात.

"खरं सांगू मॅडम, मला काही फार नाही आवडलं. मी अर्ध्यातच झोपले," त्या म्हणाल्या. "उठून पाहते तर माझ्या वाटीत संत्र्याच्या फोडी होत्या. सगळे धागे काढून ठेवलेले."