कॅनडात ट्रक चालवायला येतोय म्हणालास, म्हणून

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आठ वर्षं ट्रेलर चालवतोयस, कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या एका मालवाहतूक कंपनीचं नोकरीचं पत्र आलंय. नव्या ड्रायव्हरचे पहिले दिवस कसे जातात, हातात किती पडतं, एकटं वाटतं का, बायको-मुलीला बरोबर आणावं की मागाहून, असं विचारलंयस. दादा म्हणालास म्हणून अरेतुरे करतो. व्हिसा, फॉर्म, फी सगळं सरकारी साइटवर आहे, ते इथे परत लिहीत नाही.

आधी हे सांग, त्या पत्रासाठी कुणी पैसे मागितलेत का? एलएमआयएचा, म्हणजे परदेशी कामगार ठेवायला मालकाला लागणाऱ्या सरकारी मंजुरीचा, खर्च मालकाने करायचा असतो, तो कामगाराकडून काढणं बेकायदा आहे. मी दिले होते. किती, ते बायकोलाही अजून पूर्ण माहीत नाही. आणि देऊनही पहिले सहा महिने यार्डात ट्रेलर धुतले, कारण इथला परवाना हातात नव्हता.

तुझी आठ वर्षं इथे जवळजवळ शून्य धरून चाल. ऑन्टॅरिओत आधी साध्या गाडीचा पूर्ण ‘जी’ परवाना, मगच मोठ्या गाडीचा ‘ए’, आणि एअर ब्रेकसाठी त्याला ‘झेड’ जोडायचा. आपल्याकडचा १२ महिन्यांपर्यंतचा अनुभव नुसता सांगून चालतो. त्याहून जास्त मोजून हवा असेल तर परवाना देणाऱ्या कचेरीचं नाहीतर वकिलातीचं पत्र लागतं. या पत्राने मला रडवलं. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. जुन्या परवान्यावर आडनाव आधी आणि वडिलांचं नुसतं एक अक्षर. काउंटरवरच्या बाईने दोन्ही कागद शेजारी ठेवून शांतपणे विचारलं, ही दोन वेगळी माणसं आहेत का? तिला काय सांगणार? मेव्हण्याने तिकडे चार खेपा घातल्या, पत्र आलं, तर त्यात जन्मसाल चुकलेलं. पुन्हा चार खेपा. तू निघण्याआधीच ते पत्र इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घे आणि नाव पासपोर्टवर आहे तस्संच घालून घे.

मी ‘एझेड’ काढला २०१७ च्या वसंतात. त्याच वर्षी १ जुलैपासून ऑन्टॅरिओत किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्याआधी आपण सुटलो, पैसे वाचले, याचा मला आनंद झाला होता. मग ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचेवान प्रांतात ज्युनियर हॉकी संघाची बस आणि ट्रक यांची धडक झाली. १६ जण गेले. ट्रकवाल्याने स्टॉपची पाटी ओलांडली होती. तो आपल्यासारखाच भारतातून आलेला, नोकरीला लागून महिनासुद्धा झाला नव्हता. मालावरच्या ताडपत्र्या फडफडत होत्या, त्याचं लक्ष आरशात होतं. ती बातमी मी गाडी उभी करून वाचली आणि बराच वेळ चावी फिरवली नाही. दोन दिवसांत शिकवून गाडी हातात देणारी कंपनी भेटली तर नशीब उघडलं असं समजू नकोस. काही आठवडे शेजारी जुना ड्रायव्हर बसवतात का, हे लेखी विचार.

चालवणं तुला जमेल. जमणार नाही ते क्लीनरशिवाय चालवणं. इथे क्लीनर नसतो. ५३ फुटी ट्रेलर दोन गाड्यांच्या फटीत मागे घ्यायचा आणि ‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स!’ म्हणणारा कुणी नाही. उतर, मागे जाऊन बघ, चढ, चार फूट घे, परत उतर. पहिल्या महिन्यात मी एकाच गोदामात अकरा वेळा उतरलो. मागे थांबलेल्यांनी हॉर्न वाजवले, वाजवू देत.

थंडी. सुपीरियर सरोवराच्या वरून जाणारा १७ नंबरचा हायवे नकाशात बघून ठेव. (त्यावर मॅरेथॉन नावाचं गाव आहे. इंग्रजी पाटी मी पहिल्यांदा घाईत ‘मराठी’ वाचली होती.) उणे तीसमध्ये रात्रभर उभ्या ट्रेलरचे ब्रेक ड्रमला चिकटतात. गाडी ओढते, चाकं फिरत नाहीत, बर्फावर नुसती घसरतात. मग बर्फात आडवं होऊन ट्रेलरखाली शिरायचं आणि ड्रमवर हातोडा घालायचा. सुटला की ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. आधी चाकांना अडसर लाव, मगच खाली जा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पैसे मैलावर मिळतात. त्यामुळे दर काय हे एकटं विचारू नकोस. रिकाम्या गाडीचे मैल धरता का, गोदामात थांबलं तर कितव्या तासापासून पैसे, गाडी बिघडून अडकलो तर काय, हे विचार. कायदा सांगतो दिवसाला १३ तास चालवणं, १४ तास एकूण काम, आणि कामाला लागल्यापासून १६ तास उलटले की चालवायचं नाही. इलेक्ट्रॉनिक लॉग, म्हणजे गाडीतच तास नोंदवणारं यंत्र, आल्यापासून त्यात लबाडी सहज जमत नाही, ते बरंच झालं. डिस्पॅचर, म्हणजे कंपनीतून फेऱ्या नेमून देणारा, फोनवर गोड बोलून जास्त तास ओढायला बघेल. पण दंड तुला होतो.

आणखी एक. ‘स्वतःची कंपनी काढ, आम्ही तिच्या नावाने चेक देतो, कापाकापी नाही’ असं म्हणाले तर पळ. सीपीपी (पेन्शन) नाही, ईआय (बेकारीचा विमा) नाही, सुट्टीचे पैसे नाहीत. शिवाय पुढे पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीसाठी, कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर चालणाऱ्या कॅनडियन एक्स्पीरियन्स क्लास या योजनेत स्वतःच्या धंद्याचा अनुभव मोजत नाहीत. माझ्या ओळखीचा एक जण दोन वर्षं तसा राबला आणि कागदावर शून्यावरच राहिला.

एकटेपणाचं म्हणशील तर सवय होते. पुढे.

बायको-मुलीचं. हे उत्तर मी तीन वेळा लिहून खोडलं. आम्ही तिघं एकदमच आलो. मुलगा आठ वर्षांचा, तीसपर्यंत पाढे पाठ. शाळेने इंग्रजी येत नाही म्हणून त्याला सफरचंदाची नि छत्रीची चित्रं ओळखायला बसवलं. वर्षभर. त्याचा राग अजून जात नाही, पण खरं ते नव्हे. शिक्षिकेने पालकांना संध्याकाळी साडेसहाला बोलावलं होतं. मी सकाळी अकरापासून एका गोदामाच्या दारात गाडी लावून बसलेलो, समोर लाल दिवा. माल उतरला की तो हिरवा होतो. अडीच, चार, सहा, दिवा लालच. बायको एकटी गेली, तिने फोन स्पीकरवर ठेवला. शिक्षिका म्हणाली, मुलगा मागे पडतोय, घरी इंग्रजीतच बोला. तेवढ्यात दिवा हिरवा झाला. मी ‘यस मॅडम, यस मॅडम’ म्हणालो आणि फोन ठेवून गाडी बाहेर काढली.

बायकोने ते मनावर घेतलं. रात्री शब्दकोश घेऊन बसायची, मोडकंतोडकं बोलायची, पण इंग्रजीच. आज मुलगा सतरा वर्षांचा आहे, हुशार आहे, सगळं उत्तम. मी लांब, सुपीरियरकाठच्या थंडर बेहून फोन केला की ‘हाय बाबा’ म्हणतो. पुढचं इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी ट्रकचं आहे. रस्ता, वजन, दार नंबर किती. दोन मिनिटांत आमचे विषय संपतात. मी काही विनोद केला तर तो आईकडे बघतो, ती त्याला समजावून सांगते. त्या दिवशी ‘नाही मॅडम, घरी मराठीच बोलू, शाळेत तुम्ही शिकवा’ एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? आणि त्या आठ तासांच्या थांबण्याचे मला पैसेही मिळाले नव्हते, ते वेगळंच.

तेव्हा बरोबर आण की मागाहून, यावर मी काय सांगू? वर्षभर उशिरा आणलीस तर पहिला हिवाळा तू एकटा काढशील, घरभाडं वाचेल, आणि यार्डात बसवलं तरी तोंड दाखवायची लाज वाटणार नाही. माझं हे खरं, पण ते माझं. मुलगी कितवीत आहे, आणि तिला मराठी वाचता येतं का, ते तू लिहिलं नाहीस. कळव.