फोनवर कोडिंग करताय? लॅपटॉपचा हप्ता आत्ताच नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीसीएचं शेवटचं वर्ष. चार जीबी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर, टर्मक्समध्ये (कमांड टाइप करून प्रोग्रॅम चालवायचं ॲप) कोड लिहून ओळखीच्या दुकानदारांना वेबसाइट करून देता. महिन्याला ६ ते १४ हजार सुटतात, शिल्लक ३० हजार. ४५ हजारांचा लॅपटॉप नऊ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. हप्ता ५ हजारांचा. ज्या महिन्यात ६ हजारच येतील, तेव्हा तो शिल्लकीतून जाणार. शिवाय ‘नो कॉस्ट’ फुकट नसतं. व्याजाइतकी सूट किमतीत मिळते, पण हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. १५ टक्के दर धरला तर व्याज सुमारे २,६९० रुपये आणि त्यावर कर ४८४. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह आणखी २३५. हे सातशे-वीसएक रुपये सोसतील. पण हप्ता चुकला तर दंड बसेल आणि पहिल्याच कर्जात सिबिल खराब होईल, ते महागात पडेल.

फोन पुरत नाही याची तुम्ही दिलेली दोन्ही कारणं बिनपैशात सुटणारी आहेत. ‘एनपीएम इन्स्टॉल’ (प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस उतरवणारी कमांड) अडतं, कारण प्रोजेक्ट डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवलाय. फोनच्या सामायिक स्टोरेजवर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइल) बनत नाहीत, आणि एनपीएमला त्या लागतात. प्रोजेक्ट टर्मक्सच्या होममध्ये, म्हणजे ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, हलवा. मधेच ‘सिग्नल ९’ दाखवून काम बंद पडतं ते अँड्रॉइड १२ पासूनच्या बंधनामुळे: ॲप्सनी सुरू केलेल्या उपप्रक्रिया ३२ च्या वर गेल्या की सिस्टिम त्या मारते. अँड्रॉइड १४ किंवा पुढचं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे बंधन काढायचा स्विच मिळतो. एक मात्र सांभाळा, टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की होममधलं सगळं जातं. रोज कोड गिटहबवर (कोड ऑनलाइन साठवायची सेवा) पुश करणं, म्हणजे चढवणं, हाच तुमचा विमा, आणि त्याला प्रीमियम नाही.

खर्च करायचाच तर दीड हजारापर्यंतचा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या. वायरचा स्वस्त पडतो, पण ओटीजी (फोनला यूएसबी वस्तू जोडायचं अडॅप्टर) लावलं की चार्जिंगचं पोर्ट अडतं. मॉनिटर घेऊ नका. स्वस्त फोनच्या टाइप-सी पोर्टमधून बहुधा चित्र बाहेर येत नाही. जड काम गिटहब कोडस्पेसेसवर, म्हणजे ब्राउझरमधून वापरायच्या गिटहबच्या ऑनलाइन मशीनवर, करा. महिन्याला १२० कोअर-तास मोफत, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. काम झालं की स्वतः बंद करा, नाहीतर अर्धा तास रिकामा चालून तोही कोट्यातून कापला जातो.

लॅपटॉप लागेलच. अँड्रॉइड स्टुडिओ (अँड्रॉइड ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) मागणारं काम आलं की फोनचा उपयोग संपला. त्यासाठी शिल्लकीला हात न लावता वेगळं बचत खातं काढा. चांगल्या महिन्यात ५ हजार टाका, मंदीत १ हजार. आरडी नको, तिची रक्कम ठरलेली असते आणि तुमची कमाई तशी नाही. २०-२५ हजार साठले की रोखीने रिफर्बिश्ड (दुरुस्त करून विकलेला जुना) घ्या: ८ जीबी रॅम, एसएसडी आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ सहाव्या-सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. दुकानदार नेमका तोच माल ‘आय-सेव्हन आहे’ म्हणून पुढे करतात. लिनक्सच टाकणार असाल तर तोही चालेल, मात्र भाव त्या मानाने पाडून घ्या.