निरीक्षण कोठे संपते आणि अनुमान कोठे सुरू होते?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. मुलांना द्राक्षबागेतील पाने आणून निरीक्षणे लिहायला सांगितली, तेव्हा बहुतेकांनी ‘पानावर केवडा पडला आहे’ असे लिहिले. ते अनुमान आहे म्हणून मी खोडले. त्यावर एका बागायतदाराचा मुलगा म्हणाला, “बाई, केवडा दिसतोच की!” मी खोडले ते बरोबर का?
– एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : आपण खोडलेत ते योग्यच झाले, मात्र त्या मुलाचे म्हणणे सहज सोडून देण्यासारखे नाही. पानाच्या वरच्या बाजूस पिवळसर, तेलकट डाग आणि त्या डागांच्या मागे, पानाच्या पाठीवर, पांढरी लव, एवढेच डोळ्यांना दिसते. केवडा हे त्या डागांचे कारण आहे, एका रोगाचे नाव आहे. ज्याच्या घरची बाग आहे त्याच्या मनात डाग आणि रोग यांची गाठ इतकी पक्की बसलेली असते की मध्ये आपण काही अनुमान केले, हे त्याला जाणवतही नाही. फवारणीचा निर्णय तातडीने घ्यायचा असतो तेव्हा ही सवय उपयोगाचीच आहे. विज्ञानाच्या वहीत मात्र मी एक साधी कसोटी लावतो: ज्याने केवड्याचे नावही ऐकलेले नाही, त्याच्या हातात हेच पान दिले तर तो हेच वाक्य लिहील का?

हा काटेकोरपणा शब्दांपुरता नाही. मॅग्नेशियम कमी पडले तरी द्राक्षाची जुनी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात. वहीत नुसते ‘केवडा’ लिहिले असेल आणि महिन्याभराने निदान चुकल्याची शंका आली, तर डाग कोठे होते, पाठीवर लव होती की नव्हती, हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. पान तोवर वाळून गेलेले असते. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचे अनुमान करण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पण हिवाळ्यात सकाळी यवतेश्वराच्या डोंगराकडे पाहणाऱ्या सातारकराला ठाऊक असते की दुरून धूर वाटलेले पुष्कळदा धुकेच असते.

सांगलीतील आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४५ फूट झाली, म्हणजे धोक्याच्या पातळीला पोहोचली, हे निरीक्षण आहे, कारण मोजपट्टीवरचा आकडा कोणालाही वाचता येतो. ‘धरणातून पाणी सोडल्यामुळे पातळी वाढली’ हे अनुमान आहे. ते खरेही असेल, पण विसर्गाचे आकडे, पाणलोट क्षेत्रातील पाऊस आणि पाणी येथवर पोहोचायला लागणारे तास शेजारी मांडल्याखेरीज ते खरे मानता येणार नाही. पुराने घर गेलेल्या माणसाला उत्तर तातडीने हवे असते, हे मी समजू शकतो. म्हणूनच ते उत्तर तपासलेले असावे असे मला वाटते.

अनुमान म्हणजे कमी दर्जाची गोष्ट, असे मात्र मुलांना वाटू देऊ नका. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असे एकेकाळी मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला आणि ते अनुमान कोसळले. जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर जाणवलेल्या धक्क्यांच्या नोंदी मात्र कोसळल्या नाहीत. त्या नोंदींच्या आधारेच जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचे नवे अनुमान उभे राहिले. पुढे याच परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले, तेव्हा सुमारे १,२५० मीटर बेसॉल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. पृष्ठभागावरून ज्याचा केवळ अंदाज बांधता येत होता, त्याचे तुकडे हातात आले.

आपल्या वर्गापुरते एक सुचवतो. ‘केवडा’ हा शब्द खोडून टाकण्याऐवजी शेजारच्या रकान्यात लिहायला लावा आणि त्याखाली ‘हे कसे तपासता येईल?’ असे विचारा. डाग असलेले ताजे पान ओल्या कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर अंधारात ठेवावे. केवडा असेल तर सकाळपर्यंत पानाच्या पाठीवर डागाच्या जागी पांढरी लव सहसा उगवून येते. सकाळी ती पिशवी त्याच मुलाला उघडू द्या आणि जे दिसेल ते पहिल्या रकान्यात त्याच्याच हाताने लिहू द्या.