वाचक विचारतात : पुस्तकजत्रेतलं पहिलं टेबल

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी पुस्तकजत्रा भरते आहे. प्रवेश फुकट, नवलेखकांना टेबलही फुकट. माझा ८० पानी कवितासंग्रह मीच छापणार आहे. प्रती किती काढू? आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) लागतोच का? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : १०० प्रती, त्याही डिजिटल, म्हणजे फाइलवरून थेट कागदावर छापलेल्या. ऑफसेटला, म्हणजे धातूच्या प्लेटा बनवून होणाऱ्या छपाईला, प्लेटचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी तेवढाच, म्हणून थोड्या प्रतींना तो परवडत नाही. पुढे ऑफसेटवर गेलात तर ८० पानं म्हणजे १६ पानी बरोबर पाच फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला कागद). अर्पणपत्रिकेपायी ८२ करू नका.

खरी फसगत मजकुरात होते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं आणि डोंगरातली कविता समुद्रात जाते. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेला प्रत्येक शब्द शोधून तपासा. पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच सामावून घ्या, नाहीतर प्रेसच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात. मग एकच प्रत छापून घ्या आणि ती मोठ्याने वाचा. मोबाइलवर वाचलेलं प्रूफ आम्ही प्रूफ धरत नाही.

८० पानं म्हणजे ४० कागद, कणा (पुस्तकाची बांधणीकडची कड) जेमतेम ४ मिलिमीटर. त्यावर नाव छापलं तर कटिंगमध्ये सरकून मुखपृष्ठावर येतं. कणा कोराच ठेवा. कागदाचा दाणा (त्यातल्या तंतूंची दिशा) कण्याला समांतर आहे ना, हे प्रेसला विचारा; आडवा असला तर पुस्तक नीट उघडत नाही.

टेबलावर विकायला आयएसबीएन लागत नाही. दुकानं, ऑनलाइन विक्री यांसाठी मात्र घ्यावा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो विनाशुल्क देते, लेखकही स्वतः अर्ज करू शकतो. जत्रेच्या दोन महिने आधी करा. ई-बुक काढलंत तर त्याला वेगळा क्रमांक. शिवाय १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. त्या चार प्रती आधीच बाजूला काढा.

प्रश्न : लोक येतात, चाळतात, ठेवून जातात. काय चुकतं?

उत्तर : बहुधा ढीग. पन्नास प्रतींची चळत पाहून पुस्तक खपत नाही असंच वाटतं. पाच-सहा मांडा, बाकी टेबलाखाली. एका प्रतीवर ‘चाळण्यासाठी’ अशी चिठ्ठी लावा, म्हणजे नव्या प्रतींचे कोपरे दुमडत नाहीत. किंमत १४५ नको, १५० ठेवा. सुट्ट्याच्या शोधात गिऱ्हाईक निसटतं. क्यूआर छापून उभा ठेवा, पण गर्दीत नेटवर्क जातं, म्हणून ५० च्या नोटा गाठीला असू द्या. आणि कोणी कविता वाचत असेल तर त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका.

प्रश्न : मित्राची पुस्तकंही माझ्या टेबलावर ठेवू का?

उत्तर : ठेवा, पण प्रतींची संख्या, सवलत आणि न खपलेल्या प्रती परत करण्याची तारीख कागदावर लिहून दोघांनी सही करा.