एक रिव्हॉल्व्हर, दोन काडतुसे

प्रश्न : ‘.३५७ मॅग्नम’च्या रिव्हॉल्व्हरमध्ये ‘.३८ स्पेशल’ काडतूस चालते, मात्र उलट चालत नाही, असे वाचनात आले. आकडे वेगळे असताना हे कसे शक्य होते?

उत्तर : आकड्यांवर जाऊ नये, दोन्ही काडतुसांतील गोळीचा व्यास सुमारे ०.३५७ इंचच असतो. खरा फरक पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळीच्या, लांबीत आणि दाबात आहे. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणलेल्या ‘.३८ स्पेशल’ची पुंगळी काळ्या दारूच्या मापाने ऐसपैस होती, त्यामुळे कमी प्रमाणात पुरणारी धूरविरहित दारू रूढ झाल्यावर तीत बरीच जागा रिकामी राहू लागली. १९३० च्या दशकाच्या मध्यास तिच्यावरूनच ‘मॅग्नम’ घडवताना लांबी सुमारे एक अष्टमांश इंचाने वाढवली, ती मुख्यतः हे जहाल काडतूस जुन्या, दुबळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये म्हणून. अमेरिकी मानकांनुसार ‘स्पेशल’चा कमाल दाब दर चौरस इंचास १७,००० पौंड, तर ‘मॅग्नम’चा ३५,००० पौंड आहे, ही खबरदारी अनाठायी नव्हती.

आखूड काडतूस चालते, कारण ते मागच्या कडेवर टेकून जागेवर राहते, आणि काडतुसांच्या कप्प्यांचे चक्र फिरते ते बोटाच्या जोराने, बाराच्या धक्क्याने नव्हे. स्वयंचलित पिस्तुलाला ही मुभा नाही. सरावासाठी सौम्य ‘स्पेशल’ वापरणे आम्हांलाही शहाणपणाचे वाटते, मात्र त्याने कप्प्यात पुढे काजळीचे कडे साचते आणि ते साफ न केल्यास नंतर लांब ‘मॅग्नम’ अडकते.