उद्यमबागेत शेड घेण्याआधी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेड आणि एक सीएनसी (संगणकावर चालणारं कातकाम यंत्र) घ्यायचं तू ठरवलं आहेस, तर आधी बेळगावचा स्वभाव ओळख. हे दुसऱ्यासाठी यंत्रांचे बिनचूक भाग करून देणाऱ्यांचं गाव आहे. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, टर्निंग (कातकाम) तिसऱ्याकडे. म्हणून एका कामात हात बसलेला माणूस इथं थोड्या भांडवलावरही उभा राहतो. सगळं एका छपराखाली आणायची घाई करू नकोस.

इथं शब्दाला किंमत आहे, आणि घोळही त्यातूनच होतो. कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, पहिला कट घेतला की आतलं ब्लोहोल (वायूनं पडलेलं भोक) उघडं पडतं. ओतकाम करणारी फाउंड्री कास्टिंग बदलून देते, पण गेलेला मशीनचा वेळ कुणाच्या खात्यावर? ते तोंडीच राहिलेलं असतं. किती टक्के रिजेक्शनपुढे मशीनिंगचे पैसे कोण देणार, हे ऑर्डरवरच लिहून घे. पावसाळ्यात तर जास्तच जप. ग्रीन सँडमधला, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूतला, ओलावा साधारण ३ ते ४ टक्के लागतो. तो वाढला किंवा कोअरला (भागातली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याला) दमट हवा लागली की वायू अडकून ब्लोहोल पडतं. जून ते सप्टेंबर प्रत्येक लॉटचे पाच नग आधी कापून बघ. पातळ कडा भराभर थंड झाल्या तर लोखंड पांढरं आणि कडक होतं, इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार उडते. तिथं हार्डनेस तपासल्याशिवाय लॉट मशीनवर लावू नकोस.

कामगार जवळच्या खेड्यांतले, बऱ्याच जणांची घरची भातशेती. लावणीला, सुगीला आणि गणपतीत हजेरी कमी होणारच. त्यांच्यावर चिडण्यापेक्षा गिऱ्हाइकाला तारीख देताना ते दिवस वगळ.

सीमेवरच्या गावाला तीन राज्यांचा बाजार मिळतो. हुबळीच्या बिलावर राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी, कोल्हापूर किंवा गोव्याच्या बिलावर आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी. एक गोष्ट पुष्कळांना नडते: जॉबवर्कचा (मजुरीवर काम करून द्यायचा) माल दुसऱ्या राज्यातून आला तर ५०,००० रुपयांपर्यंतची सूट नाही, किंमत कितीही असो, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतंच. कच्चा माल वर्षाच्या आत परत गेला पाहिजे, नाहीतर मालकानं तो तुला विकला असं धरतात.

शेडच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागेल. पण तेवढ्यावर थांबू नकोस, बोलण्या-वाचण्यापुरतं कन्नड शीक. घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या कितीतरी हुशार मुलांची कामं केवळ कन्नड नोटीस दुसऱ्याकडून वाचून घेण्यात रखडतात, याचं फार वाईट वाटतं.

आता उधारी. महिन्याला ४ लाखांचं बिल आणि पैसे ७५ दिवसांनी, म्हणजे तुझे १० लाख कायम बाहेर. तेवढ्यात पगार, वीज, हप्ता भागवायचा. पहिल्याच दिवशी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) कर. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत, लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे. बिलावर तुझा उद्यम क्रमांक छाप. निम्म्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाचं असेल, तर तो कायदा दाखवायचा धीर होत नाही. दुसरं गिऱ्हाईक पहिल्या वर्षातच शोध.

मशीनच्या कर्जाबरोबरच बँकेत कॅश क्रेडिटचाही (रोजच्या खर्चासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाचाही) अर्ज कर. दोन्ही अर्ज बँकेत भरण्याआधी मला पाठव, आकडे एकत्र बघू.