उत्तर: आठवीच्या मुलांकडून पाऊस-तापमान मोजून घ्यायचं आहे, कोणतं यंत्र घेऊ?

ताई, आठवीची पंचेचाळीस मुलं, हाताशी पाच हजार रुपये, आणि जूनपासून पाऊस, तापमान, गोदावरीचं पाणी, धूळ, आवाज असं सगळं मोजायचंय, तर कोणतं यंत्र घेऊ असं तुम्ही विचारलंय. मी नाशकातच विज्ञान शिकवलं आणि नऊ-दहा वर्षं हा उद्योग केला. यंत्राचं सध्या राहू द्या. पहिल्या वर्षी पाऊस आणि तापमान, बस्स. पाच गोष्टी हातात घेतल्या की गणपतीपर्यंत पाचही बंद पडतात.

पर्जन्यमापक शाळेतच बनवा. कोल्ड्रिंकची बाटली कापून करतात तो नको. तिला कंबर असते, बूड खडबडीत असतं, वर चिकटवलेली पट्टी खोटं बोलते. त्यापेक्षा भांडीबाजारात जाऊन ११.३ सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं शोधा. पट्टी सोबत न्या, दुकानदार हसला तर हसू दे. एवढ्या तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे खालच्या डब्यात १० मिलिलिटर पाणी जमलं की १ मिलिमीटर पाऊस. पाणी मोजपात्रात ओतूनच मोजायचं, त्यामुळे डबा कसाही चालतो. फक्त दोन लिटरचा घ्या, नाहीतर मोठ्या पावसात नेमका तोच भरून वाहतो. तसं नरसाळं नाहीच मिळालं तर मिळेल त्याचं क्षेत्रफळ मुलांनाच काढू द्या. पाय आर स्क्वेअर कशाला शिकायचं, हे विचारणं त्या दिवसापासून बंद होतं.

गच्चीवर ठेवू नका, वाऱ्याने थेंब बाहेर जातात. मैदानात, तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर, आणि भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट लांब.

तापमानात मी स्वतः तोंडघशी पडलोय. एका एप्रिलात तापमापक पश्चिमेच्या भिंतीला टांगला. पेपरात ३९, आमच्याकडे ४६! मुलं खूश, शाळा जगात भारी. आम्ही भिंतीचं तापमान मोजत होतो. मग जुन्या खिडकीच्या झडपांची पेटी केली, पांढरा रंग दिला, दार उत्तरेला, तापमापक जमिनीपासून दीड मीटरवर. वाचताना डोळा पाऱ्याच्या, म्हणजे हल्ली लाल रेषेच्या, समोर हवा. बुटक्या मुलांना स्टूल द्या. आणि नाक लावून वाचू देऊ नका, श्वासानेसुद्धा आकडा वर सरकतो.

सकाळची शाळा असेल तर वेळ ८:३० ठेवा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस ८:३० ते ८:३० असतो, त्यामुळे पेपरातल्या आकड्याशी ताडता येतं. दुपारची शाळा असेल तर साडेबारा. १९९५ पासून चालू असलेल्या 'ग्लोब' या आंतरराष्ट्रीय शालेय कार्यक्रमातही नोंदी स्थानिक मध्यान्हाच्या आसपासच घेतात. नाशकात सूर्य माथ्यावर बाराला नाही, सरासरी १२:३५ला येतो, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरचं आणि आपण ७३.८ वर. काठीची सावली मोजायला लावा, एक तास मजेत जातो.

आता वही. खरी गोम इथेच आहे. एकदा जुलैतल्या एका रविवारी ४ मिमी पाऊस लिहिलेला दिसला. शाळेला कुलूप! विचारलं तर पोरगा म्हणतो, "सर, रिकामं वाईट दिसत होतं." मी रागावलो नाही, चूक माझी होती, रिकाम्या जागेला खूण मी दिलीच नव्हती. मग ठरवलं: मोजलं आणि पाऊस नव्हता तर ०, मोजलंच नाही तर आडवी रेघ, नुसतं ओलं झालं असेल तर 'लेश'. सोमवारी डब्यात दोन दिवसांचं पाणी असतं, ते एका दिवसावर ढकलायचं नाही, 'दोन दिवसांचा' असंच लिहायचं. आणि खोडरबर बंद. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहा, जुना आकडा दिसला पाहिजे.

एका १५ ऑगस्टला शिपाईमामांनी झेंडावंदनाला आड येतो म्हणून डबा उचलून शेडखाली ठेवला. त्या आठवड्यात आमच्याकडे दुष्काळ. तेव्हा मुलांना गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आठवून दिली. पूर आला की आपण क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, ते विचारत नाही. मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला, ते विचारतो. आजोबांनी पाहिलेला पूर आणि यंदाचा पूर ताडता येतो, कारण मारुती जागचा हललेला नाही. पुढे पोरींनी डब्यालाच मारुती म्हणायला सुरुवात केली. मग कोणी हात लावला नाही.

नदीचं पाणी दुसऱ्या वर्षी, तेही दिवाळीनंतर. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाट बघता बघता पाण्याखाली जातो, तिथे मुलं नकोत. पाण्याचं तापमान आणि विरघळलेला प्राणवायू काठावरच मोजायचा. बाटली शाळेत आणेपर्यंत दोन्ही बदलतात.

आणि हो, नरसाळ्यात तारेची जाळी बसवा. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात कडुनिंबाच्या काड्यांनी भोक बुजलं होतं.